अण्णांची कवळी

साचा मापातून सुटताना नेहमीसारखाच 'चक्' असा आवाज झाला, आणि नेहमीसारखाच त्याने तो तळहातावर उलटा घेऊन फुंकर मारली. प्लास्टर अजून कोमट होतं. वरचा जबडा, एकही दात नाही, हिरड्या बऱ्यापैकी उंच. म्हणजे कवळी बसायला फार नखरे करणार नाही, एवढा अंदाज सवयीने झाला आणि मग त्याची नजर टाळूवर गेली. टाळूच्या बरोबर मध्ये हाडाचा एक उंचवटा होता, सोललेल्या बदामाएवढा, आणि घशाकडच्या बाजूला चीर पडून त्याची दोन टोकं झाली होती. त्याची जीभ नकळत वर गेली. त्याच्या स्वतःच्या टाळूवर त्याच जागी तसाच उंचवटा होता, मागच्या बाजूला चिरलेला. शाळेत गणित अडलं की, झोप आली नाही की, कुणी टाकून बोललं की जीभ तिथे जाऊन बसायची, लहान मूल पांघरुणाचं टोक धरून बसतं तशी. आता ती तिथे गेली आणि तिथून हलेना.

असे उंचवटे कितीतरी लोकांना असतात, असं त्याने स्वतःला बजावलं. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर त्याने ते सगळ्या आकारांचे पाहिले होते. पण टाळूच्या पुढच्या भागात, दातांच्या मागे, ज्या वळ्या असतात त्या काही दोन माणसांच्या सारख्या नसतात, आणि या वळ्या त्याच्या ओळखीच्या होत्या. डावीकडची तिसरी वळी मध्येच तुटते आणि जरा खाली सरकून पुन्हा सुरू होते. हे त्याला साचा न बघताही सांगता आलं असतं. डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. नुसता पेशंटचा नंबर, 'वर-खाली पूर्ण कवळी' आणि वय. वयही जुळत होतं. "काय रे, भूत बघितलंस की काय?" पलीकडच्या टेबलावरून पॉलिशकाका म्हणाले. त्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये माणसं दोनच: दात लावणारा हा, आणि कवळ्यांना शेवटची चकाकी देणारे काका, ज्यांना मालकापासून पोस्टमनपर्यंत सगळे पॉलिशकाकाच म्हणत. काकांचं तोंड त्यांच्या पॉलिशच्या चाकाइतकंच अखंड फिरायचं. साचा हातात घेऊन ते माणसाचं अख्खं चरित्र सांगायचे: हा चिडका आहे, झोपेत दात खातो; आणि या बाईंनी नवऱ्याला जन्मभर एकाच बाजूने चावून खाल्लंय, बघ, इकडची हिरडी किती झिजलीय. "दे इकडे, सांगतो कोण आहे तो," काका हात पुढे करून म्हणाले. "नको," तो म्हणाला, जरा जास्तच जोरात, आणि साचा छातीशी धरला. मग ओशाळून म्हणाला, "ओला आहे अजून."

अण्णांचे दात गेले. एवढंच पहिल्यांदा मनात आलं, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं, कारण वडिलांचं घर सुटल्यापासून इतक्या वर्षांत त्याच्या मनातले अण्णा एका दिवसानेही म्हातारे झाले नव्हते. ते जिथे होते तिथेच उभे होते, प्रार्थनागृहात, वाचकाच्या उंच मेजामागे, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. पुन्हा मला तोंड दाखवू नकोस असं ज्या माणसाने सांगितलं होतं, त्याचंच तोंड आता आपल्या तळहातावर आहे. कुणी दुसऱ्याची हकिकत म्हणून ही सांगितली असती तर तो हसलाही असता. तो हसला नाही. साचा टेबलावर ठेवून त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. प्लास्टर हाताला चिकटून राहिलं की कातडी ओढली जाते, म्हणून धुतोय, असं तो स्वतःला सांगत होता.

हेच तोंड त्याने एकदा आधीही हातात घेतलं होतं. हे काम शिकत होता तेव्हा प्रत्येकाला घरातल्या एका माणसाच्या तोंडाचं माप घेऊन साचा करून आणायला सांगितलं होतं. इतरांनी आया-बहिणींना पकडलं. याने आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला मळमळतं बाबा, त्यांना विचार," आणि ते चेष्टेने म्हणाली, कारण अण्णांना असलं काही विचारायचं म्हणजे धाडसच. ज्यांच्या समोर बोलताना मोठमोठी माणसं शब्द जपून वापरत, ते अण्णा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर गळ्याशी टॉवेल लावून, तोंड उघडून बसले. गुलाबी लगदा ट्रेच्या कडेने उतू जाऊन त्यांच्या हनुवटीवर ओघळला. "नाकाने श्वास घ्या, नाकाने," हा सांगत होता आणि आई ओट्याला टेकून पोट धरून हसत होती. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी त्याचं मनगट पकडलं, पण ढकललं नाही. नुसतं घट्ट धरून ठेवलं, लगदा घट्ट होईपर्यंत. मग तोंड पुसत म्हणाले, "झालं समाधान? आता माझं तोंड तुझ्या ताब्यात." तो साचा वर्गात सगळ्यांत चांगला ठरला. नंतर तो घड्याळाच्या शेजारी फळीवर असायचा आणि घरी कुणी आलं की अण्णा तो दाखवून म्हणायचे, "हा मी. आतल्या बाजूने." त्यांचा तेवढाच एक विनोद होता आणि तो ते कुणालाही ऐकवत.

त्या साच्यात दात होते. वरचा डावा पटाशीचा दात जरासा वळलेला, आणि त्याच्या बाजूला केसाएवढी फट. त्या फटीतून अण्णांच्या प्रत्येक 'स'ला एक बारीक शीळ यायची. प्रार्थनागृहातल्या सगळ्या मंडळीला ती शीळ ठाऊक होती. प्रार्थनेला आलेली पोरं मागच्या बाकांवर बसून तिची नक्कल करायची, आणि एकदा यानेही केली होती, जेवताना, अण्णा पाठीमागे येऊन उभे आहेत हे माहीत नसताना. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून त्याने मान आत घेतली, तर अण्णा म्हणाले, "तेवढी बारीक नाही येत माझी," आणि स्वतः करून दाखवली. असा माणूस. हे सगळं आठवलं की त्याला चीड यायची ती याचीच, की नुसता दुष्ट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. दुष्ट माणसाला विसरता येतं, निदान शिव्या तरी देता येतात. जो आपल्यासमोर तोंड उघडून बसला होता त्याचं काय करायचं?

त्या खुर्चीतल्या अण्णांच्या भरवशावरच त्याने सांगून टाकलं होतं. कुणी पकडलं नव्हतं, कुणी चहाडी केली नव्हती. प्रार्थनागृहात वाद्य वाजवणारा एक मुलगा होता, लांब बोटांचा, सगळे त्याला वादकच म्हणत. दोघांचं वर्षभर चाललं होतं, आणि घरात याच्यासाठी स्थळांचा विषय निघायला लागला तेव्हा याला वाटलं, अण्णांना सांगावं. ते ऐकून घेतील. "अण्णा, मला बायकांबद्दल तसं काही वाटत नाही. पुरुषांबद्दलच वाटतं. लहानपणापासून." अण्णांनी ताट बाजूला सारलं आणि ते म्हणाले, "प्रार्थना कर." याने केली, खरंच केली, गुडघे दुखेपर्यंत केली. मग अण्णांनीच ते मंडळीच्या ज्येष्ठांच्या कानावर घातलं, कारण घरातलं पाप घरात लपवणं त्यांच्या हिशेबात दुसरं पाप होतं. ज्येष्ठांनी दोघांना समोर बसवलं. वादकाने रडून माफी मागितली, यानेच आपल्याला नादी लावलं असं म्हणाला, आणि त्याला परत घेतलं गेलं. पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं आणि तो अजूनही तिथे वाजवतो, असं कुणीतरी नंतर सांगितलं. याला माफी मागता येईना. माफी मागायला तो तयार होता, पण कशाबद्दल, तेच त्याला कळेना. निर्णय मंडळीसमोर वाचून दाखवायचा असतो आणि वाचक अण्णा. त्या दिवशी दुसऱ्या कुणी वाचलं असतं तरी चाललं असतं, एकदोघांनी तसं सुचवलंही. अण्णा म्हणाले, "माझं काम आहे." आणि त्यांनी वाचलं, न अडखळता, एकेक शब्द सुटा करून: या सभासदाशी मंडळीचा आणि त्याच्या घराचा संबंध संपला आहे, तो स्वतःहून सुधारून येईपर्यंत कुणी त्याच्याशी संबंध ठेवू नये. सभासद, संबंध, संपला, स्वतःहून. प्रत्येक 'स'ला शीळ आली. मागच्या बाकावरच्या पोरांनी त्या दिवशी नक्कल केली नाही.

घरी येऊन त्याने बॅग भरली तेव्हा आई दुसऱ्या खोलीत भांडी घासत होती, घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. दारात अण्णा ते तोंड दाखवायचं वाक्य बोलले, आणि फळीवरचा साचा तसाच राहिला. त्यानंतर तो जवळच्याच या शहरात आला, लॅबमध्ये लागला, आणि एक खोली घेतली जिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. रोज संध्याकाळी त्या जिन्यावरून लोक घरी जाताना दिसतात. मधल्या काळात एकदोन पुरुष आयुष्यात आले. चांगले होते, पण रविवारी सकाळी त्याच्या तोंडावर जे मळभ यायचं त्याला कंटाळून गेले, एकाने तर स्पष्टच सांगितलं, "तुझ्याबरोबर राहणं म्हणजे तुझ्या वडिलांबरोबर राहणं आहे." यात खोटं काही नव्हतं. ओट्यापाशी उभं राहून जेवायची सवय त्याला लागली. एकट्यासाठी ताट वाढायचं म्हणजे कुणाची तरी वाट बघितल्यासारखं वाटतं.

ती कवळी त्याने केली. हे काम मालकाला सांगून दुसऱ्या लॅबकडे पाठवता आलं असतं, तसं तो अधूनमधून स्वतःला म्हणतही होता, पण हात थांबले नाहीत. एक गोष्ट त्याला लख्ख दिसत होती आणि तिने त्याची झोप उडवली होती: कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. लॅबचा माणूस कोण हे पेशंटला कधी माहीत नसतं. अण्णा ही कवळी घालून जेवतील, त्याच टेबलाशी. ही घालून वाचतील. आई ती धुईल, वाटीतल्या पाण्यात ठेवील. त्या घरात त्याचं काहीतरी पुन्हा जाईल, रोज, दोन्ही वेळच्या जेवणाला, आणि त्याला कुणी हाकलू शकणार नाही. फक्त आपण तोंड बंद ठेवायचं. त्यात काय अवघड, इतकी वर्षं दुसरं काय केलं आपण?

दात आधी मेणावर लावतात. मेणातली कवळी पेशंटच्या तोंडात बसवून बघायची, त्याला बोलायला, चावायला लावायचं, आणि सगळं जुळलं की मगच मेणाच्या जागी पक्कं प्लास्टिक भरायचं. तो स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून एकेक दात बसवत गेला. उजवा पटाशीचा, डावा पटाशीचा, त्यांच्या शेजारचे, सुळे. सगळे ओळीत, शिस्तीत, पुस्तकात असतात तसे. मग त्याने सुरी पुन्हा तापवली, डाव्या पटाशीच्या दाताच्या मुळाशी मेण जरा मऊ केलं आणि दात किंचित वळवला. बाजूला केसाएवढी फट ठेवली. हे चूक होतं. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय दात कधी वाकडा लावायचा नसतो. शिकताना पहिल्या महिन्यात हे सांगतात. त्याने तो परत नीट केला. बघितलं. ते कुणाचंही तोंड होतं, दुकानाच्या पाटीवर असतं तसलं. त्याने तो पुन्हा वळवला आणि तसाच राहू दिला. पॉलिशकाका मागून वाकून बघत म्हणाले, "अरे, तो डावा फिरलाय. चष्मा पूस." "असू दे, काका." "बाईंनी सांगितलंय का?" "हो," तो म्हणाला. इतक्या वर्षांत कामाबद्दल काकांशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

डॉक्टरबाईंचा फोन आला. पेशंट जरा कडक दिसतात, ट्रायलच्या वेळी तुम्हीच दिवा आणि सुरी घेऊन या, म्हणजे काही बदल लागला तर जागच्या जागी होईल. असं त्या अवघड पेशंटच्या वेळी बोलवतच असत. काकांना पाठवता आलं असतं. काका आनंदाने गेले असते, क्लिनिकमध्ये बसायला गुबगुबीत खुर्च्या असतात म्हणून. तो स्वतः गेला. क्लिनिकच्या मागच्या बाजूला फळीच्या भिंतीआड एक चिंचोळी जागा होती, तिथे मागच्या जिन्याने यायचं आणि त्याच जिन्याने जायचं. लॅबची माणसं तिथे बसतात आणि पेशंटला दिसत नाहीत. त्याने मास्क लावला, दिवा पेटवला, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. पलीकडे आधी डॉक्टरबाईंची चप्पल वाजली, मग खुर्ची करकरली, मग आईचा आवाज: "चष्मा माझ्याकडे द्या, पडेल." त्याला वाटलं होतं अण्णांचा आवाज ऐकून आपलं काहीतरी होईल. आईचा येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"आता साठपासून सत्तरपर्यंत मोजा," डॉक्टरबाई म्हणाल्या. कवळीत 'स' नीट येतो का हे बघायला त्या सगळ्यांना तेच आकडे म्हणायला लावत.  मग फळीच्या पलीकडून, जरा जाड झालेला, जरा थकलेला, पण तोच आवाज आला. "साठ. एकसष्ट. बासष्ट." शीळ आली. बारीक, कोरडी, अगदी जागच्या जागी. "पासष्ट. सहासष्ट." सहासष्टला ती दोनदा आली, लांबली. त्याने ती शीळ मेणात लावली होती, पण ती वाजेल असं त्याला खरंच वाटलं नव्हतं. "हं, थोडी शिट्टी येतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा एक दात फिरलाय बघा. चुकून झालं असेल. माझा माणूस आतच आहे, दोन मिनिटांत बसवून देईल ओळीत." "आरसा द्या," अण्णा म्हणाले.  रस्त्यावरून एक गाडी येऊन गेली तरी आरसा परत ठेवल्याचा आवाज आला नाही. "अगं, हे बघ," अण्णा आईला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं जे त्याने फक्त स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीपाशी ऐकलं होतं. "हो की," आई म्हणाली. "अगदी तसाच." आणि मग, जरा थांबून, हळू: "अगदी तसाच कसा काय?" "हात लावू नका याला," अण्णा डॉक्टरबाईंना म्हणाले. "देवाने दिला होता तसाच आहे. राहू द्या. कुणी केलंय हे? बोलवा त्याला. त्याचे हात बघायचेत मला."

मागचा जिना त्याच्या पाठीशीच होता. दार नुसतं लोटलेलं होतं. डॉक्टरबाई फळीच्या कडेला येऊन "या हो, पेशंट खूश आहेत," म्हणाल्या तेव्हा तो उठला तो जायलाच उठला, असं नंतर तो स्वतःला सांगायचा. पण देवाने दिला होता तसाच आहे, राहू द्या, हे त्याच्या कानात घुमत होतं. ते वाक्य आयुष्यात एकदा ऐकायला मिळावं म्हणून तो काय वाटेल ते द्यायला तयार झाला असता, आणि ते मिळालं तेही एका दाताला. त्याला त्या दाताचा हेवा वाटला. मोठ्या माणसाला असलं वाटू नये, पण वाटलं. तो मास्क तसाच ठेवून आत गेला.

अण्णा खुर्चीत आडवे होते. गळ्याशी निळा कागद. चष्म्याविना त्यांचे डोळे बारीक, पाणावलेले आणि कुणाचेही असावेत असे दिसत होते. केस तर उरलेच नव्हते. एवढा लहान कसा झाला हा माणूस? त्यांनी हात पुढे केले आणि याने आपले दोन्ही हात त्यांच्या हातांत दिले. त्यांनी ते उलटेपालटे करून, जवळ धरून बघितले, बोटांवरचे मेणाचे चटके अंगठ्याने चाचपले. आई पायाशी चष्मा धरून उभी होती आणि हातांकडे नाही, मास्कच्या वरच्या डोळ्यांकडे बघत होती. "देव तुझ्या हाताला असंच यश देवो, बाळा," अण्णा म्हणाले. 'असंच'ला शीळ आली. आशीर्वाद होता, मनापासूनचा. आता मान लववायची आणि मागे वळायचं, की झालं. रोज दोन्ही वेळच्या जेवणाला. सगळं मिळालं होतं. फक्त ते त्याला मिळालं नव्हतं, लॅबच्या कुठल्याशा माणसाला मिळालं होतं, आणि तो माणूस उद्यापासून त्या घरात राहायला जाणार होता. त्याने एक हात सोडवून घेतला आणि मास्क खाली ओढला. "अण्णा," तो म्हणाला. "मी आहे."

अण्णांनी दुसरा हात लगेच सोडला नाही. हे त्याला पक्कं आठवतं. आधी त्यांनी मान पुढे काढून बघितलं, आईकडे हात केला, तिने चष्मा दिला, तो एका हाताने लावला, आणि मग बोटं सुटली. एकदम नाही, एकेक करून. "अरे, तुम्ही ओळखता एकमेकांना?" डॉक्टरबाई हसून म्हणाल्या आणि त्यांचं हसू तिथेच राहिलं. अण्णांनी तोंडात बोटं घातली. वरची कवळी काढली, ट्रेमध्ये ठेवली. खालची काढली, तिच्या शेजारी ठेवली, हळूच, दात मेणातून निसटू नयेत एवढ्या जपून. त्यांचे गाल आत गेले, नाक हनुवटीकडे वाकलं. "डॉक्टर," ते म्हणाले, आणि आता शब्दांना कडा नव्हत्या, शीळ नव्हती, नुसती हवा होती, "हे दुशरीकडून करून घेता येईल का?" "अहो, पण आत्ताच तर तुम्ही..." "दुशरीकडून," अण्णा म्हणाले. ते उठले, कागद स्वतःच सोडवला, घडी करून खुर्चीवर ठेवला, आणि दाराकडे गेले. त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही असं नाही, बघितलं. त्या बघण्यात राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. आई एक क्षण मागे राहिली. तिने हात वर केला, त्याच्या बाहीवर प्लास्टरचा डाग होता तो नखाने खरवडला. "बारीक झालास," ती म्हणाली, आणि दारातून "येतेय" असं अण्णांना ओरडून सांगत गेली.

मेणातली कवळी डब्यात घालून तो चालतच लॅबमध्ये आला. "काय, पास की नापास?" काकांनी विचारलं. "नापास." "मी सांगितलं होतं, तो डावा दात." काका आपल्या चाकाकडे वळले, पण चाक लगेच सुरू झालं नाही. "अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? दात काढ, धू, दुसऱ्याला लाव." पद्धत तीच होती. नापास मेण गरम पाण्यात टाकायचं, मेण वर तरंगतं, दात तळाशी बसतात, ते वेचून पुन्हा कागदावर चिकटवून ठेवायचे. त्याने पाणी उकळायला ठेवलं. वाफ यायला लागली तरी तो डबा हातात धरून उभा राहिला. मग त्याने पाणी ओतून दिलं, कुणी सांगितलेलं नसताना कवळी साच्यात बसवून मेण वितळवून काढलं, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरलं, शिजवलं, घासलं. काकांनी न विचारता ती त्याच्या हातातून घेतली आणि चाकावर धरून चकाकी आणली, आणि त्या दिवशी चरित्र सांगितलं नाही. डावा पटाशीचा दात आता प्लास्टिकमध्ये पक्का झाला होता. आता तो कुणाला सरकवता आला नसता, त्यालासुद्धा.

बऱ्याच दिवसांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. दुसऱ्याच कुठल्या कामाबद्दल बोलून झाल्यावर त्या घुटमळल्या. तुमच्या आई एकट्याच येऊन गेल्या, म्हणाल्या. ते दुसरीकडे गेलेच नाहीत कुठे. सगळं मऊ करून खातात. वाचायचंही सोडलं, आता वाचन दुसरं कुणीतरी करतं. "त्यांनी विचारलंय, ती तेव्हाची कवळी टाकून दिली का." तो म्हणाला, "नाही." "मग काय सांगू?" त्याची जीभ टाळूवर गेली, त्या चिरलेल्या उंचवट्यावर जाऊन बसली. "सांगा, तयार आहे," तो म्हणाला. "पाण्यात ठेवलीय. कोरडी पडली की आकार जातो, म्हणून पाण्यात." "तुम्ही स्वतः नेऊन देता का?" "नाही," तो म्हणाला. "त्यांनी यायला हवं." हे आपण बोललो याचं त्याला फोन ठेवल्यावर नवल वाटलं, आणि मग एवढं एकटं वाटलं की तो काकांना उगाचच म्हणाला, "चहा घेऊ या का?"

कुणी आलं नाही. आई येईल असं त्याला आधी वाटायचं, नंतर कमी वाटायला लागलं. लॅबच्या खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या वाटीत कवळी आहे; दुपारी उन्हाची तिरीप आली की ती पाण्यातून हसल्यासारखी दिसते, आणि काकांनी त्यावर एकदा विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. आज लावलं तर आजही बसेल अशी ती आहे, पण हिरड्या थांबत नाहीत, दातांशिवाय त्या झिजत जातात, आणि एक दिवस ही कवळी अण्णांच्याही तोंडाला होणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी रोज सकाळी लॅबचं कुलूप काढलं की, दिवा पेटवायच्याही आधी, तो वाटी नळाखाली धरून पाणी बदलतो. बदलताना साठपासून मोजतो, तोंडातल्या तोंडात. त्याच्या 'स'ला शीळ येत नाही. सहासष्टला जरासा थांबतो, आणि मग पुढे मोजतो.